‘सर्व संबंधित कागदपत्रे’ मागितली की हाती काहीच लागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संयुक्त उपक्रमातील भागीदारांच्या वादांवरचा आपला लेख वाचला. न्यायालयाचा आदेश असूनही समोरची बाजू कागद दडवते, असा त्याचा सूर आहे. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. पुष्कळदा आदेश फसतो तो अर्जातल्या एका वाक्यामुळे: ‘प्रकल्पाशी संबंधित सर्व कागदपत्रे सादर करण्याचा हुकूम व्हावा.’ अशा हुकमावर एक तर चार पोती झेरॉक्स येतात, नाही तर ‘जे होते ते दिले’ असे एका ओळीचे शपथपत्र येते. दोन्हींत पालन झाल्यासारखे दिसते आणि हिशेब कुठे वळला ते कळत नाही.

खरे तर मागायची वेळच येऊ नये, अशी कायद्याची रचना आहे. 2015च्या वाणिज्य न्यायालये कायद्यात संयुक्त उपक्रमाच्या करारांचा नावानिशी उल्लेख आहे आणि 2018पासून 3 लाख रुपयांचा दावाही त्यात बसतो. या दाव्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचा 11वा आदेश (म्हणजे दस्त उघड करण्याच्या नियमांचे प्रकरण) नव्याने लिहिला गेला. वादीने वादपत्रासोबत आणि प्रतिवादीने कैफियतीसोबत (लेखी उत्तरासोबत), वादाशी संबंधित असलेले आणि आपल्या ताब्यात, अखत्यारीत वा नियंत्रणात असलेले सगळे दस्त उघड करायचे, स्वतःच्या विरुद्ध जाणारेसुद्धा. शिवाय याखेरीज दुसरे दस्त आपल्याकडे नाहीत, असे शपथेवर सांगायचे. हे कर्तव्य दाव्याचा निकाल लागेपर्यंत चालू राहते.

यादीत प्रत्येक दस्तापुढे तो मूळ आहे, कार्यालयीन प्रत आहे की झेरॉक्स, कोणाकोणातला आहे, कसा झाला किंवा मिळाला आणि कोणाकोणाच्या हातून आला, हे थोडक्यात लिहावे लागते. शेवटचा रकाना सगळ्यात निष्काळजीपणे भरला जातो. ‘वादीकडून’ एवढ्यावर भागवतात. संयुक्त प्रकल्पात मात्र खरी गोम तिथेच असते. व्हाउचर साइट ऑफिसात, मोजमापे आर्किटेक्टकडे, ताळेबंदाचे कच्चे कागद सीएकडे. ‘ते आमच्या सीएकडे आहेत’ हे उत्तर चालू देऊ नये. ज्याला ते सीएकडून मागवता येतात, त्याचे त्यावर नियंत्रण आहेच.

मग मागावे कसे? समजा जमीनमालक आणि विकासक यांचा 40:60 प्रकल्प आहे आणि खर्च फुगवल्याचा संशय आहे. तेव्हा ‘सर्व हिशेब’ न मागता ‘1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2025 या काळातील सिमेंट व स्टील खात्यांचे लेजर, त्यामागची व्हाउचरे, साइटची आवक नोंदवही, कंत्राटदाराची रनिंग बिले (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेली बिले) व त्यांची मोजमापे’ असे लिहावे. लेजर आणि आवक नोंदवही शेजारी ठेवली की न आलेला माल आपोआप दिसतो. प्रकल्प रेराखाली (स्थावर संपदा नियमन कायद्याखाली) असेल तर आणखी एक दुवा मिळतो. खरेदीदारांचे 70 टक्के पैसे स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढताना आर्किटेक्ट, अभियंता व सीए यांचे दाखले लागतात. ते दाखले आणि त्या खात्याचे बँक स्टेटमेंट तारखेने मागावेत.

उपक्रम कंपनीच्या रूपात असेल तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एडिट लॉग मागायला विसरू नये. 1 एप्रिल 2023पासून कंपन्यांना प्रत्येक नोंदीतला बदल तारखेसह टिपणारे आणि तो माग बंद करता न येणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. छापील लेजर हा फक्त आजचा चेहरा. मागाहून कोणते व्हाउचर बदलले ते लॉगमध्ये कळते. म्हणून प्रिंटआउट नको, डेटा बॅकअप हवा. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा साध्या भागीदारीला मात्र हा नियम नाही, ही पळवाट उपक्रमाचे रूप ठरवतानाच ओळखून ठेवावी. कंपनीला हिशेबवह्या किमान 8 आर्थिक वर्षे जपाव्या लागतात. त्यामुळे ‘तीन वर्षांपूर्वीचे रद्दीत गेले’ हे कंपनीच्या तोंडी शोभत नाही.

ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचे घोळ वेगळेच. प्रिंटआउट चालते, पण ती कोणत्या यंत्रातून, केव्हा, कोणी काढली, ईमेल खाते कोणाचे, त्यात प्रवेश कोणाला, हे शपथेवर लागते. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे प्रमाणपत्र दोन भागांत आहे: एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-संकेतांक, भरावे लागते. मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह केली की मूल्य बहुधा बदलते, म्हणून आधी हॅश काढून मूळ प्रत बाजूला ठेवावी. सर्व्हर भागीदाराच्या ताब्यात असेल आणि तो प्रमाणपत्र देत नसेल, तर आधी लेखी मागावे आणि मग न्यायालयाकडे अर्ज करावा. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले, पण सगळे प्रयत्न करूनही ते न मिळालेल्या पक्षाला अडवले नाही. त्या प्रयत्नांचा कागद मात्र जवळ हवा.

मुदती घट्ट आहेत. कैफियत दाखल झाल्यापासून 30 दिवसांत एकमेकांच्या दस्तांची तपासणी, न्यायालयाने वाढवल्यास आणखी 30 दिवस. त्यानंतर 15 दिवसांत दस्त कबूल वा नाकबूल करायचे, तेही कारणासह. नुसते ‘नाकबूल’ लिहिणाऱ्यावर खर्च बसू शकतो. दस्त सादर करण्याच्या नोटिशीला 7 ते 15 दिवसांची मुदत असते. तरीही दस्त न आल्यास आणि पुरेसे कारण न दिल्यास न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकते, म्हणजे तो दस्त न देणाऱ्याच्या विरुद्धच जाणारा होता असे धरू शकते. जुन्या 11व्या आदेशात दस्त न देणाऱ्या प्रतिवादीचा बचावच काढून टाकण्याची तरतूद होती, ती नव्यात नाही. आमच्या मते ही चूक झाली, कारण खर्चाचा दंड मोठ्या विकासकाला बोचत नाही. खटल्याचे वेळापत्रक ठरवणाऱ्या त्याच संहितेच्या आदेश 15-अ मध्ये हेतुपुरस्सर व वारंवार हयगय करणाऱ्यावर, दावा फेटाळण्यापर्यंत किंवा मंजूर करण्यापर्यंत जाणारी कठोर कारवाई आहे, पण तिथवर पोचायला प्रत्येक चुकलेली तारीख रोजनाम्यावर (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) आलेली असावी लागते.

शेवटची गोष्ट लवादाची, म्हणजे न्यायालयाबाहेर नेमलेल्या निवाडाकाराची, कारण संयुक्त उपक्रमाच्या बहुतेक करारांत ते कलम असतेच. लवाद पक्षकारांना दस्त सादर करायला सांगू शकतो, पण बँक किंवा पुरवठादार असा तिसरा माणूस त्याच्या हुकमाखाली नसतो. त्यासाठी लवाद कायद्याच्या कलम 27खाली, लवादाची मंजुरी घेऊन, न्यायालयात जावे लागते. त्या अर्जातही बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि काळ स्पष्ट लिहिलेला हवा.

आपले,
व्यावसायिक दाव्यांत काम करणारे काही वकील व हिशेबतपासनीस, पुणे