गाणं ओठांवर येत नाही तेव्हा

प्रिय मुली,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, उपासनेत सगळे स्तुतिगीत गातात आणि माझा गळाच दाटून येतो. मी विश्वासात कच्ची आहे का?" तेव्हा घरात माणसं होती, मोकळं बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

तुझं बाळ गेलं. हे दुःख मोठं आहे, आणि त्याला लहान करून सांगणाऱ्या कुणाचंही मनावर घेऊ नकोस. "देवाची इच्छा, त्याची स्तुती कर," एवढं बोलून निघून जाणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण त्यांनी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक पहिल्या अध्यायावरच मिटलेलं असतं. त्या अध्यायात ईयोबाची दहाही मुलं एकाच दिवशी जातात. तो झगा फाडतो, डोकं मुंडतो, जमिनीवर पडून नमन करतो आणि म्हणतो, परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं, धन्य परमेश्वराचं नाम. सांत्वनाला येणारा हे वचन हटकून सांगतो. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, ते कुणी वाचून दाखवत नाही. पुढे कितीतरी अध्याय तो देवाला जाब विचारत राहतो. शेवटी देव वादळातून बोलतो, ईयोबालाही खडसावतो. पण त्याचा राग भडकतो तो देवाची बाजू सावरत बसलेल्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्या मित्रांपैकी अलीफजाला सुनावतो.

मला वाटतं, मुरलेला विश्वास तो हाच. माणूस रडतो, भांडतो, पण देवाकडे पाठ फिरवत नाही. त्याच्याशीच भांडतो.

आणि बाळ गेल्याबद्दल आभार मान, असं तुला देवाने कधीच सांगितलेलं नाही. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं लिहिणारा प्रेषित पौलच करिंथच्या मंडळीला मृत्यू हा शेवटचा शत्रू आहे असं लिहितो. शत्रूचे आभार कसले? आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू येशू स्वतः रडला, आणि तेही थोड्याच वेळात त्याला उठवणार हे माहीत असताना.

पौल आणि त्याचा सोबती सीला यांची फिलिप्पैच्या तुरुंगातली गोष्ट तू रविवारच्या शाळेत मुलांना शिकवली आहेस. पुन्हा वाचशील तेव्हा क्रम बघ. फटके खाल्लेले, पाय खोड्यात, मध्यरात्र, आणि ते गात आहेत. भूकंप नंतरचा. दारं उघडतील म्हणून ते गात नव्हते, आणि उघडल्यावर पळालेही नाहीत. आपण बहुतेक जण प्रार्थनेचं उत्तर मिळाल्यावर साक्ष द्यायला उभे राहतो, त्यात चूक काहीच नाही. पण उत्तर हाती नसताना देव चांगला आहे असं म्हणायला माणूस आतून वाढलेला लागतो. ती वाढ एका आठवड्यात होत नाही, तुझ्याकडून तशी अपेक्षा कुणी करू नये.

तुझ्या बाबांचं शेवटचं आजारपण तू बघितलंस, रात्री मात्र तू नसायचीस. ड्रेसिंग झालं की ते उशीला टेकून एक स्तोत्र म्हणायचे. दम लागायचा, ओळीच्या मध्येच थांबायचे, पुन्हा धरायचे. काही रात्री म्हणायचे, "आज नाही होत गं, तू वाच." मी वाचायचे, ते फक्त आमेन म्हणायचे. त्या आमेनला मी स्तुतीच मानते. इब्री लोकांस पत्रात स्तुतीला यज्ञ म्हटलं आहे, आणि यज्ञात काहीतरी खर्ची पडतंच.

तेव्हा येत्या रविवारी गाता आलं नाही तर गाऊ नकोस. बाकावर बसून राहा, मंडळी तुझ्या वाटचं गाईल. घरी तेरावं स्तोत्र काढ. सहाच वचनं आहेत. सुरुवातीला दावीद देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? शेवटच्या वचनात तो गाईन म्हणतो. तुला पहिल्या दोन वचनांपलीकडे जाता आलं नाही तर तिथेच थांब आणि मला फोन लाव, किती वाजले ते बघू नकोस. पुढची वचनं मी वाचेन.

तुझी,
आई