कानाला एक, डोळ्याला दोन

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझं पत्र मिळालं. अर्जात मुख्याध्यापकांऐवजी ‘तत्त्व’ या अर्थाचा प्रिन्सिपल लिहिला गेला आणि चारचौघांत मान खाली गेली, हे वाचून फार वाईट वाटलं. अरे, या दोन शब्दांचा उच्चार इंग्रजांच्या तोंडीही एकच आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही तिथे अडखळतात.

मी स्वतः खूप चुकल्यावर एक सवय लावून घेतली. घोटाळा इंग्रजीतलाच आहे की आपल्या उच्चारातला, हे आधी बघायचं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

इंग्रजीतल्या घोटाळ्याला कान उपयोगाचा नाही, तिथे डोळाच हवा. रात्रीचा नाइट आणि घोडेस्वार योद्धा तो नाइट. योद्ध्याच्या सुरुवातीचा ‘के’ पूर्वी चक्क उच्चारला जायचा आणि दोन्ही शब्दांतला ‘जीएच’ घशातून खरखरीत ‘ख’सारखा यायचा. पुढे उच्चार झिजले, अक्षरं तशीच राहिली. कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना काढला आणि छापील स्पेलिंगं हळूहळू घट्ट होत गेली, बोलणं मात्र बदलतच राहिलं. ‘डबल ई’चा वीक म्हणजे आठवडा आणि ‘ई-ए’चा वीक म्हणजे अशक्त, यांचे स्वरही एके काळी निराळे होते. म्हणून मला ही स्पेलिंगं लहरी वाटत नाहीत. जुना उच्चार त्यांत जपलेला आहे.

माझी सगळ्यांत लाडकी जोडी ‘ओ-यू’चा फ्लावर आणि ‘ओ-डब्ल्यू’चा फ्लावर, म्हणजे पीठ आणि फूल. हा मुळात एकच शब्द! दळलेल्या गव्हातला सर्वांत उत्तम, बारीक भाग म्हणजे जणू त्याचं फूल. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या इंग्रजी शब्दकोशातही हे दोन शब्द वेगळे केलेले नाहीत. स्टेशनरीचंही तसंच. गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, एका जागी दुकान मांडून बसणारा तो स्टेशनर. त्याच्या नावात ‘ई-आर’, म्हणून त्याच्या कागद-लिफाफ्यांतही ‘ई-आर’. नुसतं ‘स्थिर’ म्हणायचं असेल तर ‘ए-आर’.

आता तुझा प्रिन्सिपल. ‘ए-एल’वाला मुळात विशेषण, नॅशनल-सेंट्रलच्या पंगतीतला, अर्थ ‘मुख्य’. मुख्य शिक्षक तो प्रिन्सिपल आणि कर्जातली मुख्य रक्कम, म्हणजे मुद्दल, तेही प्रिन्सिपल. ‘एल-ई’वाला फक्त तत्त्व. ‘प्रिन्सिपल आपला पॅल, म्हणजे दोस्त’ ही युक्ती मला आवडत नाही, मुद्दलाशी गाठ पडली की ती लंगडी पडते.

दुसरा घोटाळा आपला. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन, परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट, विकणं ते सेल आणि विक्री तोही सेल. देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा, म्हणून आपल्या जिभेलाही ते एकच वाटतात. इंग्रजीत मात्र ते स्पष्ट वेगळे आहेत. वेदनेच्या शब्दात जीभ ‘ए’वरून ‘इ’कडे सरकते, जवळपास ‘पेइन’. पश्चिमेच्या वेस्टला ओठ शिटी वाजवताना होतात तसे गोल कर, बनियनच्या वेस्टला वरचे दात खालच्या ओठाला टेकव. जहाज आणि मेंढी तर आपण शिप, शीप असं बरोबर वेगळं लिहितो आणि बोलताना एक करून टाकतो, अगदी दिन आणि दीनसारखं. इथे पाठांतर नको, आरशासमोर मोठ्याने म्हणायला हवं.

आणि एक ऐक, जोड्या शेजारी-शेजारी ठेवून घोकू नकोस. मी तसंच करायचो आणि ऐनवेळी दोन्ही एकदम आठवून गोंधळ व्हायचा. स्टेशनरी लिहिताना स्टेशनर आठव, दुसऱ्या शब्दाकडे बघूच नकोस.

अर्ज पुन्हा लिहिलास की मसुदा पाठव, मी त्याच दिवशी वाचून उत्तर देतो. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझाच,
जुना सोबती