तो रणगाडा क्षेपणास्त्राचा नाही, पुलाचा आहे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण लष्कराच्या चिलखती वाहनांवर पानभर मजकूर दिलात, त्याबद्दल आभार. मात्र पानाच्या तळाशी उजवीकडे जो फोटो आहे, त्याखाली ‘क्षेपणास्त्र डागण्याच्या तयारीतील रणगाडा’ असे छापले आहे. ते चूक आहे. ती टी-७२ रणगाड्यावर बांधलेली पूल टाकणारी गाडी आहे. आम्ही तिला बीएलटी (ब्रिज लेयर टँक) म्हणतो. तिच्या डोक्यावर जे लांबुळके दिसते, तो घडी घातलेला वीस मीटरचा पूल आहे. रविवारी सकाळी सातलाच सोलापूरहून माझ्या जुन्या जोडीदाराचा फोन आला, “आपल्या गाडीचं पेपरवाल्यांनी काय करून ठेवलंय, बघितलंस का?” त्या गाडीत आम्ही दोघांनी सहा वर्षे काढली आहेत, म्हणून हे पत्र.

या गाडीत माणसे दोनच, कमांडर आणि ड्रायव्हर. तोफ नाही. नाल्याच्या किंवा कालव्याच्या काठाशी यायचे, पुढचा टेकू जमिनीत रोवायचा, की हायड्रॉलिकच्या जोरावर पुलाची घडी वर उठते. उभी राहिली की अडीच-तीन मजली घराएवढी होते आणि लांबून कुणालाही दिसते. मग ती कात्रीसारखी उघडत पलीकडच्या काठावर उतरते. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम, पण ती पाच मिनिटे काय असतात ते आत बसणाऱ्यालाच ठाऊक. पूल टेकला की गाडी सुटी करून मागे घ्यायची आणि रणगाड्यांना वाट द्यायची. पुलाच्या दोन पट्ट्या असतात आणि त्यांवर टी-७२ रणगाडा चढला की दोन्ही अंगांना वीतभरच जागा उरते. सगळे पार झाले की आपणही त्यावरून जायचे, आणि पलीकडून पूल उचलून पुन्हा पुढे लागायचे.

पंजाबातल्या एका सरावात जानेवारीचे दाट धुके होते, हात पुढे केला तर बोटे दिसत नव्हती. पुलाचे टोक पलीकडच्या बांधाच्या भुसभुशीत कडेवर बसले. उस्ताद, म्हणजे आमचे प्रशिक्षक, खाली उतरले, बुटाने माती दाबून पाहिली आणि एवढेच म्हणाले, “उठाओ, फिर से.” आम्ही पूल उचलला, गाडी चार हात सरकवली, पुन्हा टाकला. तेव्हा मनातून रागच आला होता. पण त्या कडेवर चाळीस टनांचा रणगाडा चढला असता तर माती ढासळून आतल्या पोरांसकट खाली गेला असता.

१९६५ मध्ये लाहोरजवळच्या इछोगिल कालव्यावरचे पूल पाकिस्तानने उडवून दिले, ते आपले रणगाडे अडावेत याचसाठी. पुढे १९७१ च्या डिसेंबरात बसंतर नदीवरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे रणगाडे पलीकडे गेले ते सॅपर्स, म्हणजे लष्कराचे इंजिनिअर जवान, सुरुंग काढत असतानाच, वाट पुरती मोकळी व्हायच्या आधी. तिथे लढताना धारातीर्थी पडलेले पूना हॉर्सचे अरुण खेत्रपाल आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहेत आणि असायलाच हवेत. पण त्या वाटेवर गुडघ्यांवर बसून सुरुंग शोधणाऱ्यांची आठवण कुणाला आहे? कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे आमच्या बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल १९४८ मध्ये जम्मूतल्या नौशेरा–राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि आडवे टाकलेले पाइनचे ओंडके काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळवले. आपल्या पानावर त्यांच्याबद्दल एक ओळही नाही, याचे वाईट वाटले.

हा विषय पुण्यापासून लांबचाही नाही. ट्रकवरून नेऊन एकापुढे एक जोडत पंचाहत्तर मीटरपर्यंत टाकता येणारा ‘सर्वत्र’ पूल दिघीच्या डीआरडीओ (संरक्षण संशोधन संस्था) प्रयोगशाळेने घडवला. ‘सर्वत्र’ हे इंजिनिअर कोअरचे ब्रीदच आहे. छोट्या नाल्यांसाठीचा दहा मीटरचा पूलही तिथलाच, त्याची पहिली बारा वाहने जुलै २०२१ मध्ये सैन्यात दाखल झाली. १५ जानेवारी २०२५ ला लष्कर दिनाचे संचलन पुण्यात झाले, तेही खडकीला आमच्या बॉम्बे सॅपर्सच्या मैदानावर. मुंबईत एल्फिन्स्टन रोडचा पादचारी पूल सैन्याने बांधून दिला, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी फोटोसकट बातम्या दिल्या होत्या. तेवढीच जागा रणांगणावरच्या पुलालाही मिळावी.

तरी येत्या रविवारी त्याच फोटोखाली बरोबर ओळ छापावी आणि जमल्यास आपल्या वार्ताहराने एखाद्या बीएलटी चालवलेल्या माणसाशी बोलून लेख करावा, ही विनंती. सोलापूरचा माझा जोडीदार तयार आहे. मीही येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त सॅपर
ता. कोरेगाव, जि. सातारा