रविवारची बैठक: गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि एचपीव्ही लस

महिला मंडळाच्या सर्व सभासद भगिनींना कळविण्यात येते की येत्या रविवारी दुपारी साडेतीन वाजता पंचायत सभागृहात स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई आपल्याशी बोलणार आहेत. नऊ वर्षांपुढच्या मुलींना, सुनांना आणि सासूबाईंनाही घेऊन या. त्या दिवशी तपासणी होणार नाही, फक्त माहिती आणि प्रश्नोत्तरे.

हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. संसर्ग अगदी सर्रास आढळतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो, त्यामुळे यात लाजण्यासारखे किंवा कुणाच्या चारित्र्यावर बोलण्यासारखे काहीच नाही. ज्यांचा टिकतो त्यांच्यात कर्करोग व्हायला बहुधा कित्येक वर्षे लागतात. तेवढ्या काळात तपासणीने तो अडवता येतो, म्हणूनच मंडळाचा हा आग्रह.

येण्यापूर्वी एवढे वाचा:

- लस ९ ते १४ या वयात सर्वात उपयोगी. आधी झालेला संसर्ग ती बरा करत नाही.
- तिशीनंतर त्रास नसला तरी तपासणी करावी; लस घेतलेल्यांनीही.
- पाळी गेल्यावर किंवा संबंधांनंतर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर रविवारची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

उघडपणे विचारायला संकोच वाटत असेल तर प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर लिहून दाराजवळच्या डब्यात टाका. सभागृहात मोबाइलवर चित्रीकरण करू नये. नावे शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे द्यावीत.

– चिटणीस, महिला मंडळ, पेडणे