टूलवर पाणी कोण सोडत होतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतली विज्ञानकथा वाचली. भाषा झकास, पण नायक काडेपेटीएवढ्या यंत्रानं रंकाळ्याएवढं तळं क्षणात आटवतो, तिथं मी अडलो. यंत्र काल्पनिक आहे याची तक्रार नाही. ते हातात धरणाऱ्याचा तळवा साधा कोमटसुद्धा होत नाही, याची आहे.

मी उद्यमनगरात तीस वर्षं लेथ, म्हणजे धातू गरगर फिरवत कापायचं यंत्र, चालवतोय. पोलाद कापताना निघणारी चिप, म्हणजे धातूची साल, निळी पडली की समजायचं, कापणारं टूल तापलं, थंड करायला पाणी सोडा. जेवणाच्या सुट्टीत ती कथा आमच्या हाताखालच्या पोराला वाचून दाखवली. तो म्हणाला, "मालक, टूलवर पाणी कोण सोडत हुतं?" लेखकानं हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता.

नळाचं एक लिटर पाणी पुरतं वाफ व्हायला जवळजवळ पाऊण युनिट वीज लागते. गुऱ्हाळावर जाऊन बघा. काहिलीतला रस आटवायला चुलवाणात चिपाडं सारखी ढकलावी लागतात, पुढचा गडी घामानं निथळतो, तरी दोन-अडीच तास जातात. बरीचशी धग धुराड्यातून वर जाते ती वेगळीच. इथं तर अख्खं तळं! एवढी ऊर्जा काडेपेटीत मावली कशी, आणि काठावरचा नायक भाजला कसा नाही?

मागे एका कथेत मंगळावरच्या नवऱ्याशी बायको फोनवर तावातावानं भांडत होती. प्रकाशालाच तिथं पोचायला 3 ते 22 मिनिटं लागतात. एवढ्या वेळात आमच्या घरातलं भांडण मिटून चहा होतो.

अचाट गोष्टी पटत नाहीत असं नाही. धरणाचे दरवाजे विजेशिवाय, माणसाचा हात न लागता उघडतात, असं कुणी कथेत लिहिलं असतं तर थाप म्हटलं असतं. आपल्या राधानगरीला तसले सात आहेत. पाण्याचा जोरच ते काम करतो, हे कळलं की पटतं. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो हे तर त्याहून अचाट, पण ते गणितातून आलेलं आहे. 1938 साली याच कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा म्हणूनच आम्हा कारखान्यातल्या माणसांनाही पटल्या. लेखकानं एखादा नियम खुशाल मोडावा, पण बाकीचे तरी जागेवर ठेवावेत.

एक विनंती. पुढच्या कथेत ते यंत्र एकदा तरी बंद पडू दे आणि दुरुस्तीला एखादा मिस्त्री येऊ दे. झाकण उघडताना त्याला चटका बसला तरी चालेल.

— एक लेथवाला, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर