फ्लॉरेन्समधले आपले राजाराम महाराज

कोल्हापूर, मंगळवार पेठ

प्रिय सुध्या,

तू ऑफिसच्या कामानं मिलानला चाललायस हे वहिनींकडनं कळलं, म्हणून लगेच लिहायला बसलोय. मिलानहून फ्लॉरेन्स ट्रेननं दोनेक तास. एक दिवस काढच आणि तिथल्या कॅशिने बागेत जाऊन ये. लोक फ्लॉरेन्सला चर्च, म्युझियम बघायला जातात, ते बघ की, पण आपण कोल्हापूरची माणसं, आपण आधी राजाराम महाराजांना मुजरा करायला पाहिजे.

कुठले राजाराम म्हणशील. ताराराणींचे पती नव्हेत आणि शाहू महाराजांचे चिरंजीव पण नव्हेत. हे मधले, दत्तक नात्यानं शाहू महाराजांचे आजोबा, आपल्या राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते. जन्म १८५० चा, १८६६ ला गादीवर आले आणि १८७० ला थेट विलायतेला निघाले, तेव्हा समुद्र ओलांडला की धर्म बुडाला म्हणायचे लोक, तरी गेले भावा! लंडनला व्हिक्टोरिया राणीला भेटले, दादाभाई नौरोजींना भेटले, आणि हे सगळं इंग्रजीत डायरीत लिहून ठेवलं. ती डायरी १८७२ ला छापली, नेटवर फुकट मिळते, जायच्या आधी वाच. परत येताना फ्लॉरेन्सला आजार बळावला आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथल्या हॉटेलातच गेले. वय वीस रे. आपण त्या वयात काय करत होतो सांग.

पुढचं ऐक. तिकडं तेव्हा प्रेत जाळायला परवानगीच नव्हती. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी, मग सरकारकडनं खास मंजुरी काढली आणि आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते तिथं, रात्रीतच, चिता रचली. परक्या मुलखात बरोबरच्या माणसांनी संगम शोधला बघ. मी त्या काठावर उभा होतो तर पंचगंगा घाटावरची समाधी मंदिरंच डोळ्यासमोर आली.

स्मारक १८७४ चं आहे. चार खांबांवर घुमट, आणि खाली महाराजांचा अर्धपुतळा, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं केलेला. नुसता पांढरा दगड नाही, रंगवलाय, डोक्यावर पगडी, गळ्यात माळा, आणि चेहरा इतका कोवळा की मला बघवेना. वरच्या छत्रीचं डिझाइन मेजर मँटचं, म्हणजे आपला न्यू पॅलेस ज्यानं केला तोच! त्यामुळे बांधणी बघितली की गावाकडचं काहीतरी भेटल्यासारखं होतं.

शेजारचा मोठा केबलचा पूल आहे, त्यालासुद्धा तिथले लोक भारतीयाचा पूल म्हणतात. पण राजाराम हे नाव तिथं फारसं कुणाच्या तोंडात नाही, आणि इथं राजारामपुरीत चार जणांना विचार, या महाराजांबद्दल एखादाच सांगेल. हे मला फार लागतं सुध्या. कॉलेजातल्या पोरांना तरी ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे, मी माझ्या पुतण्याला सांगितली, तो आता डायरी वाचायला लागलाय.

बाग साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि स्मारक पार पश्चिमेच्या टोकाला, तेव्हा पायात बूट घाल, आणि मंगळवारी सकाळी नको, त्या दिवशी बागेत बाजार भरतो. जाताना फुलं घेऊन जा, माझ्या नावानं पण ठेव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू