हडसनकाठून दिनूला

न्यू जर्सी,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय दिनू,

फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच ‘बरं, पुढे?’ करतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून कागद घेतला.

काल एकटाच हाइड पार्कला जाऊन आलो. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून पोकिप्सीची गाडी धरली, डावीकडची खिडकी पकडली आणि हडसन नदी शेवटपर्यंत सोबतीला राहिली. पुढे टॅक्सी. अमेरिकेचा एके काळचा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, त्याचं घर आणि त्याच आवारात त्याचं ग्रंथालय. ग्रंथालय म्हणजे आपल्या वाचनालयासारखी कादंबऱ्यांची कपाटं नव्हेत. त्याच्या कारकिर्दीचे कागद आणि सोबत संग्रहालय. पूर्वी तिथले राष्ट्राध्यक्ष जाताना आपले कागद घरचेच समजून घेऊन जात. कितीतरी हरवले, जळाले. यानं ते देशाला दिले, घरची जमीन दिली आणि इमारत कशी हवी त्याचं चित्रही स्वतःच काढलं. १९४१ च्या जूनमध्ये ती खुली झाली तेव्हा स्वारी अजून खुर्चीवरच होती.

खुर्चीवरून आठवलं. खरं तर त्या खुर्चीसाठीच हे पत्र.

१९२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी त्याचे पाय गेले. पोलिओ. तुला झाला तेव्हा तू तीन वर्षांचा होतास, आई सांगायची. बाजारातल्या चाकाच्या खुर्च्या अवजड, दारातून जायच्या नाहीत. तर यानं स्वयंपाकघरातली साधी लाकडी खुर्ची घेतली आणि खाली चाकं लावून घेतली. हात टेकायला दांडे नाहीत, रुंदी बेताची. मी तिच्यापुढे किती वेळ उभा होतो कोण जाणे. तू टायरचा तुकडा ठोकून कुबडीची घसरण थांबवली होतीस, ते डोळ्यांपुढे आलं.

तळघरात त्याची १९३६ ची निळी फोर्ड आहे. क्लच, ब्रेक सगळं हातानं चालवायचं. शेजारी त्याच्या राहत्या घरात सामान चढवायची लिफ्ट, ती दोर ओढून स्वतः वर जायचा. विजेची नको म्हणे. आग लागली, वीज गेली तर अडकून पडू, ही भीती. आणि तिथल्या जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्जचं गरम पाणी! पोहताना पाय हलके होतात म्हणून १९२६ मध्ये ती जागाच विकत घेतली. गणपती घाटावर उडी टाकल्यावर तू म्हणायचास ना, “पाण्यात मी तुमच्यासारखाच”?

आता माझं भांडण. हा माणूस पाय लपवायचा. पायाला आधार देणारं कॅलिपर दिसू नये म्हणून काळा रंग दिलेला, उभं राहायला मुलाचा दंड धरायचा, चाकाच्या खुर्चीतले फोटो फारच थोडे. लोक दुबळा समजतील, ही धास्ती असणार. तू तर त्या बँकेच्या पायऱ्यांवर बसकण मारून “मॅनेजरला खाली पाठवा” म्हणाला होतास. मला तेव्हा लाज वाटली होती, दिनू. आज कबूल करतो.

आणखी एक सल. याच माणसानं १९४२ च्या फेब्रुवारीत एका आदेशावर सही केली आणि सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाची माणसं छावण्यांत गेली. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. संग्रहालयात ते झाकलेलं नाही, एवढं बरं. पण तिथून पुढे त्या खुर्चीकडे परत गेलो तेव्हा मन आधीसारखं भरून आलं नाही.

घरापासून हमरस्त्यापर्यंत झाडांची लांब वाट आहे. आजारानंतर कुबड्या घेऊन तो रोज ती पार करायचा प्रयत्न करी. मीही चाललो. गुडघे बोलायला लागले, मध्ये दोनदा थांबलो, आणि शाळा ते घाट हे अंतर तू रोज दप्तरासकट कसं कापायचास, हे आयुष्यात पहिल्यांदा डोक्यात आलं. आम्ही पुढे पळायचो रे.

सोबत दहा सेंटचं नाणं चिकटवलंय. त्यावर तोच आहे. १९३८ मध्ये पोलिओसाठी लोकांनी व्हाइट हाउसला दहा सेंटची नाणी पोत्यांनी पाठवली. त्याच निधीतून पुढे साल्कची पोलिओवरची लस आली. ती परिणामकारक ठरल्याचं १२ एप्रिल १९५५ ला जाहीर झालं, रूझवेल्टला जाऊन बरोबर १० वर्षं झाली त्या दिवशी. आपल्या वाईपर्यंत ती तुझ्या वेळेला पोचली नव्हती.

दिवाळीला येतोय. घाटावर जाऊ. या वेळी तू पुढे हो.

तुझा,
सुधा

ता. क. वहिनींना सांग, चकलीची भाजणी नको, तयार चकल्याच ठेवा.